भिकेचे डोहाळे

सोदामला पाचवा महिना लागला आणि डोहाळे लागले ते तिच्या नवऱ्याला, चानग्यूला. तेही भिकेचे. नोव्हेंबरातल्या एका रविवारी त्याने टेबलावरची किमचीची वाटी बाजूला सारली, कोरा कागद पसरला आणि जाहीर केलं, की मार्चमध्ये बाळ येईपर्यंत ऐंशी लाख वॉन बाजूला टाकायचे. तेवढे जमले की तोसुद्धा संगोपन रजा घेईल. चांगले सहा महिने. दोघं मिळून घरी, बाळापाशी.

सोदामने त्याच्याकडे बघितलं ते, खरं सांगायचं तर, प्रेमाने. तिची आई ती कॉलेजात असतानाच गेली होती. वडील किनाऱ्यावरच्या गावी एकटे सलून चालवत होते, आणि सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. बाळंतपणात उशाशी बसणारं कोणी नव्हतं. तिला भीती वाटायची आणि ती बोलून दाखवायची सोय नव्हती. दातांच्या दवाखान्यात ती लोकांचे दात साफ करायची. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. सोदामचं भरत होतं, पण त्यासाठी दिवसभर ‘घाबरू नका, काही होत नाही’ हे दुसऱ्यांना सांगावं लागायचं. ते तिला सांगणारं कोणीतरी आता घरात सहा महिने असणार होतं. ती म्हणाली, “ऐंशी काय, नव्वद टाकू.”

माणसाने असं कधी बोलू नये, आणि समोर चानग्यू असेल तर मुळीच बोलू नये. लिफ्टचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तो खरेदी खात्यात होता. समोरच्या व्यापाऱ्याला रडकुंडीला आणून दोन टक्के कमी करून घेणं हा त्याचा धंदा, आणि धंदा घरी आणू नये एवढी अक्कल देवाने त्याला देताना हात आखडता घेतला होता. सोमवारपासून जमीन तापवणारा बॉयलर सोळा अंशांवर आला. त्यांच्या चोंगजू शहरात डिसेंबरात सोळा अंश म्हणजे घरात कोट घालून फिरायचं आणि जेवताना हातमोजे काढायचे. शाम्पूच्या बाटलीत पाणी गेलं. ऑफिसातल्या कॉफीच्या पुड्या खिशातून घरी यायला लागल्या. दुकान बंद व्हायच्या आधी अर्ध्या किमतीची चिठ्ठी लागते, म्हणून तो मासळीच्या काउंटरपाशी तासन्‌तास उभा राहायचा, आणि चिठ्ठी लावणारी बाई त्याला बघितलं की मुद्दाम दुसऱ्या टोकापासून सुरुवात करायची. हे सगळं त्याने नाइलाजाने केलं असतं तर सोदामला त्याची दया आली असती. पण गडी खुशीत होता. त्याचं वजन कमी झालं, चेहऱ्यावर तेज आलं.

त्या तेजाचं कारण फोनमध्ये होतं. ‘भिकाऱ्यांची खोली’ नावाचा एक गट. दोन-तीन वर्षांत अशा खोल्यांचं पेवच फुटलं होतं. आत दोनशे अनोळखी लोक खोट्या नावांनी बसलेले. प्रत्येकाने केलेला खर्च तिथे टाकायचा आणि बाकीच्यांनी त्याची यथेच्छ हजेरी घ्यायची, की पुन्हा खर्च करायची छाती होऊ नये. चानग्यूचं तिथलं नाव ‘कोरडा-भात’. महिन्याभरात तो तिथला मानकरी झाला. ऑफिसात ज्याच्याकडे कोणी दुसऱ्यांदा वळून बघत नव्हतं, त्याच्या शब्दाला खोलीत वजन आलं. त्याने मोठ्या हौसेने सोदामलाही आत घेतलं.

सोदामने पहिल्याच आठवड्यात स्ट्रॉबेरी आणली आणि प्रामाणिकपणे लिहिलं, “स्ट्रॉबेरी, एक डबा, नऊ हजार नऊशे. सहावा महिना चालू आहे.”

“कोणाला? स्ट्रॉबेरीला?” ‘फाटका-मोजा’ने विचारलं.

“ताई, फोटो बघायचा आणि आवंढा गिळायचा. चव तीच,” ‘शून्य-वॉन’ म्हणाला.

“माझ्या आईने माझ्या वेळी नुसता मुळा खाल्ला. मी काय वाईट निघालो?”

“निघालास की. नाहीतर इथे कशाला बसला असतास?”

आणि मग ‘कोरडा-भात’: “घरात सफरचंद आहे. अर्धं.”

तो ‘कोरडा-भात’ तिच्यापासून तीन हातांवर, सोफ्यावर पाय वर घेऊन बसला होता. फोनकडे बघून गालातल्या गालात हसत होता. त्याच्या त्या अर्ध्या सफरचंदाला चाळीस जणांनी टाळ्या दिल्या. सोदामने मोरीपाशी उभ्याने डबा संपवला, एकही स्ट्रॉबेरी त्याच्यासाठी न ठेवता, आणि फोनमधल्या त्या खोलीतून बाहेर पडली.

“अगं, गंमत असते ती,” चानग्यू दुखावला. “आपुलकीने बोलतात ते.”

“आपुलकी असती तर एकाने तरी एखादी स्ट्रॉबेरी पाठवली असती.”

चार दिवसांनी ती दुसऱ्या नावाने पुन्हा आत शिरली. ‘तिसरा-मजला’. तिला कोणाला टाळ्या द्यायच्या नव्हत्या की घ्यायच्या नव्हत्या. पण आपल्या घरात काय चाललंय ते घरापेक्षा त्या खोलीत आधी कळतं, हे तिच्या ध्यानात आलं होतं. झोपायच्या खोलीतला हीटर बंद झाल्याचं तिला तिथे कळलं. बाळासाठी कोणाची तरी जुनी बाबागाडी फुकट मिळवल्याचंही तिथेच कळलं. गाडीला एक चाक कमी होतं, हे मात्र घरी आल्यावर कळलं.

हे सगळं तिने चालवून घेतलं, याबद्दल तिला कोणी शहाणी म्हणणार नाही. पण तिच्या डोळ्यांपुढे ते सहा महिने होते. दवाखान्यातल्या मैत्रिणी जेवणाच्या सुट्टीत बाहेर जायच्या तेव्हा ही डबा गरम करायची आणि मनात चित्र बघायची: सकाळ झाली आहे, बाळ रडतंय, आणि आपण उठायच्या आत चानग्यू उठला आहे. एवढंच चित्र. त्यासाठी ती कॉफीवर पाणी सोडायला तयार होती, आणि जानेवारीत तिने त्याहून मोठं काहीतरी सोडलं.

इस्पितळातून सुटल्यावर चोंगजूची कुठलीही बाई सरळ घरी जात नाही. दोन आठवडे बाळंतीण-घरात राहते. तिथे दिवसातून सहा वेळा खायला मिळतं, अंग चोळून मिळतं, बाळाला दुसरं कोणी बघतं आणि बाई झोपते. सोदामने सप्टेंबरातच तिथली खोली ठरवली होती. बत्तीस लाख. चानग्यूने आकडा बघितला आणि त्याचा चेहरा असा झाला की बाळंतपण त्याचंच आहे.

“मी घरी असणार ना?” तो म्हणाला. “मग परक्या बायकांना बत्तीस लाख कशाला? बाळंतिणीला देतात ते समुद्री शेवाळाचं सूप मलाही येतं. बाळाला मी बघेन, तू झोप.”

“रात्रीसुद्धा?”

“रात्रीच तर. दिवसा तर मी असतोच.”

तीन दिवस तिने ते मनात घोळवलं. चौथ्या दिवशी तिने फोन करून खोली रद्द केली. भरलेले दोन लाख बुडाले. तिकडची बाई म्हणाली, “नवरा घरी राहणार? नशीबवान आहात हो.” सोदामला ते खरंच वाटलं. संध्याकाळी ‘कोरडा-भात’ने खोलीत लिहिलं, “बाळंतीण-घर: रद्द,” आणि टाळ्यांचा पाऊस पडला.

जानेवारी संपता संपता ऐंशी लाख जमले. चांद्र नववर्षाला दोघं गाडी न काढता बसने सासूबाईंकडे जेचनला गेले. जाताना बसमध्ये सोदामने विचारलं, “अर्ज कधी देतोयस? रजेच्या तीस दिवस आधी द्यावा लागतो. फेब्रुवारीच्या चौदा तारखेला शुक्रवार आहे, तो शेवटचा.”

“बघू. सण होऊ दे.”

त्या ‘बघू’त तिला काहीतरी खटकलं, पण सणासुदीला कुठे तोंड उघडायचं?

सासूबाईंनी नमस्कार घेतले, भाताच्या चकत्यांचं सूप वाढलं आणि मुलाला जवळ बोलावून एक पाकीट दिलं. “यात साठ हजार आहेत. बाळंतिणीचं शेवाळ घेऊन ठेव. चांगलं लांब, अख्खं घे. दुकानदारीण सांगेल ती किंमत द्यायची. घासाघीस करायची नाही, त्यात बाळाचं आयुष्य तुटतं. मोडायचं नाही, दुमडायचं नाही, नाहीतर बाळंतीण अडते. तू खरेदी खात्यात आहेस म्हणून मुद्दाम सांगतेय.”

“आई, काहीतरीच काय. मला कळत नाही का?”

“तुला सगळं कळतं. म्हणूनच भीती वाटते,” सासूबाई म्हणाल्या, आणि सुनेच्या वाडग्यात मांसाचे दोन तुकडे जास्त टाकले.

पुढच्या शनिवारी सोदामचा दवाखाना अर्धा दिवस होता. ती मधल्या छोट्या सुट्टीत मागच्या खोलीत बसली होती, तेव्हा फोनवर ‘कोरडा-भात’चा फोटो आला. सायकलच्या पुढच्या टोपलीत काळंभोर वाळकं शेवाळ. तीन तुकडे, प्लॅस्टिकच्या दोरीने बांधलेले.

“बाळंतिणीचं शेवाळ,” खाली लिहिलं होतं. “सांगितले साठ, दिले त्रेचाळीस. टोपलीत मावेना म्हणून तुकडे केले. पेट्रोलही वाचलं.”

नेहमी टाळ्या लगेच यायच्या. या वेळी एकही आली नाही. मग ‘शून्य-वॉन’ने एकच शब्द लिहिला, “तुकडे?”

“तू घासाघीस केलीस?” ‘फाटका-मोजा’ म्हणाला. “शेवाळावर? मी एकच मोजा तीन वर्षं शिवून घालतोय रे बाबा, पण आमच्या हिच्या वेळी दुकानातल्या म्हातारीने सांगितले तेवढे मोजले आणि वर वाकून नमस्कार केला.”

“दुकानदारीण बाईंनी कापून दिलंच कसं?”

“नाही दिलं. कात्री मी नेली होती.”

“घरातून कात्री नेलीस.”

“हो. आधीच विचार करून ठेवावा लागतो.”

‘महिनाअखेर’ नावाच्या एका बाईने लिहिलं, “भाऊ, आम्ही भिकारी आहोत. तुम्ही कोण आहात ते कळेना.”

खोलीतला मानकरी असा एका झटक्यात खाली येतो आहे, हे चानग्यूला सहन झालं नाही. तो भराभर लिहायला लागला. शेवाळ पोटात गेल्यावर त्याचे तुकडेच होणार आहेत. या म्हाताऱ्यांच्या समजुती आहेत. त्याच्यासारखी बचत कोणी करून दाखवावी. “तुम्ही सतरा हजारांवर गळे काढताय. मी सगळ्यात मोठा खर्च वाचवलाय, तो बघा. संगोपन रजा. सहा महिने घेणार होतो, अर्धा पगार बुडाला असता. अर्जच दिला नाही. बायकोच्या बाळंतपणाचे वीस दिवस कायद्याने मिळतात, तेवढे बस झाले.”

“बायकोला सांगितलंस?” ‘महिनाअखेर’ने विचारलं.

“तारीख उलटली की सांगेन. मग वाद घालून उपयोग नसतो.”

सोदामने ते दोनदा वाचलं. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण रडू आलं नाही. किळस आली. दातांच्या फटीत आठवडाभर अडकलेलं मांस निघालं की येते तशी, आणि ती तर तिला सवयीने येईनाशी झाली होती. सुट्टीनंतर दोन रोगी होते. त्यांचे दात तिने नीट साफ केले, दोघांनाही ‘घाबरू नका’ म्हणाली, आणि बसने घरी आली.

चानग्यूने टोफूचं सूप केलं होतं. टोफू शोधावा लागत होता. दोघं समोरासमोर बसले.

“अर्ज दिलास?”

“बघू ना.”

“शुक्रवार शेवटचा आहे.”

“माहितीये गं.”

“ऐंशी झाले ना?”

“ब्याऐंशी,” तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळला. असा उजळलेला चेहरा तिने बाळाच्या पहिल्या सोनोग्राफीलाही पाहिला नव्हता.

“मग अडलंय कुठे?”

त्याने चमचा खाली ठेवला. “सोदाम, खरं सांगू? मी रोज ते पैसे बघतो. सकाळी उठलो की बघतो. आपल्याकडे एवढे कधीच नव्हते. ते आता मोडायचे?”

“मोडण्यासाठीच साठवले होते.”

“हो, पण तेव्हा ते नव्हते ना.”

हे तो मनापासून बोलला. तो लबाड असता तर सोदामला बरं वाटलं असतं. लबाड माणसाशी भांडता येतं. पण समोर बसलेल्या माणसाला खरोखरच वाटत होतं, की ज्या कामासाठी पैसे जमवले ते काम टाळलं की पैसे दुप्पट होतात. “शिवाय आमच्या खात्यात अजून कुठल्या पुरुषाने घेतलेली नाही,” त्याने जोडून दिलं. ते त्याला आत्ताच सुचलं होतं.

“आणि मला कधी सांगणार होतास? तारीख उलटल्यावर?”

तो दचकला. मग हळूच म्हणाला, “तू खोलीत आहेस?”

“तिसरा-मजला.”

चानग्यू तिच्याकडे बघत राहिला. त्याला लाज वाटत असेल असं कोणालाही वाटलं असतं. “दोन महिने आहेस,” तो म्हणाला, “आणि मला एकदाही टाळी नाही दिलीस?”

 सोदामने उठून बॉयलर बावीसवर केला. त्याने बघितलं, पण त्या संध्याकाळी तो पुन्हा सोळावर आणायची त्याची हिंमत झाली नाही.

सोमवारी कामावरून आल्यावर तिने टेबलापाशी बसून बाळंतिणीच्या मदतनीस बायका पुरवणाऱ्या संस्थेला फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकला. चानग्यू कांदा चिरत होता. वीस दिवसांनी तो कामावर जाणार, तर त्याच्या जागी कोणीतरी लागणारच होतं. तिला एकटीला ते झेपणार नव्हतं, आणि हे तिने त्याला सरळ सांगितलं होतं. सरकारी यादी जुलैपर्यंत भरलेली. खाजगी बाई हवी असेल तर महिन्याला अठ्ठावीस लाख, रविवार सुटी, बाईंचं दुपारचं जेवण वेगळं. पाळणाघराच्या प्रतीक्षायादीत तिचा क्रमांक सेहेचाळिसावा होता. तिने सगळं शांतपणे लिहून घेतलं.

कांदा चिरायचा थांबला. चानग्यू हात न पुसता टेबलाशी आला आणि आकडे मांडायला लागला. दोनदा मांडले. मग त्याने वर बघितलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कांद्याचं होतं.

“थांब. अगं, थांब,” तो म्हणाला. “मी स्वस्त पडतो.”

“काय?”

“बाईपेक्षा मी स्वस्त पडतो. रजेत सरकार जे देतं ते धरलं, तर सहा महिन्यांत चक्क निम्म्यात काम होतं. आणि मला दुपारचं जेवण वेगळं द्यायला नको.” तो हसायला लागला. “घेतो ना मी रजा. हे आधी का नाही सुचलं?”

सोदामला हवं होतं ते मिळालं. चार दिवस ती स्वतःला तेच सांगत होती. कसा का येईना, येतोय ना. कारण काय ते बाळाला कोण सांगणार आहे? पण भांडी घासताना, बसमध्ये, रोग्याच्या उघड्या तोंडावर वाकलेली असताना तिला ‘मी स्वस्त पडतो’ हेच ऐकू यायचं. आपल्यापाशी बसायला माणूस आणायचा म्हणून तिने तीन महिने पोटाला चिमटा काढला होता. माणूस आला तो निम्म्या किमतीची चिठ्ठी लावून घेऊन.

शुक्रवारी चानग्यू शिक्का मारलेल्या अर्जाची प्रत घेऊन घरी आला. ती त्याने टेबलावर सरळ करून ठेवली आणि आईला फोन लावला. “हो, घेतली रजा. हो, पुरुषांनाही मिळते. नाही गं, लाज कसली? बाईपेक्षा मी स्वस्त.” फोन ठेवून त्याने कागद ओढला आणि सहा महिन्यांचा बेत आखायला बसला. सोदाम समोर बसून ऐकत होती.

“सूप दिवसातून एकदा करायचं, तेच तीन वेळा गरम करू. सहा वेळा खायला घालतात ते त्या बाळंतीण-घरांचे चोचले. रात्री मी उठेन, पण तूही उठ, म्हणजे दिवा एकदाच लागेल. हीटर बाळाच्या खोलीत चालू, आपण तिघं तिथेच झोपू. अंग चोळायचं काय, ते व्हिडिओ बघून मी करेन, दर दोन दिवसांनी.”

“दर दोन दिवसांनी का?”

“तेल लागतं ना.”

तिने त्याचा चेहरा नीट पाहिला. तो दुष्ट नव्हता. तो अगदी आनंदात होता. आणि तिला स्पष्ट दिसलं, की ती टाके घेऊन पडलेली असताना हा उशाशी बसेल खरा, पण ती दुसऱ्यांदा पाणी मागेल तेव्हा हा पेला मोजेल. तिला आई हवी होती. आई मोजत नसे.

तिने फोन उचलला आणि बाळंतीण-घराला लावला. तिची जुनी खोली केव्हाच गेली होती. दक्षिणेकडची एक मोठी खोली त्याच दिवशी कोणाच्या तरी रद्द होण्याने मोकळी झालेली, दोन आठवड्यांचे अडतीस लाख, सगळे आगाऊ, परत मिळणार नाहीत. साठवलेले पैसे तिच्या नावावर होते, कारण होणाऱ्या आयांना बँक अर्धा टक्का व्याज जास्त देत होती आणि तो अर्धा टक्का चानग्यूनेच शोधून काढला होता. तिने बसल्या जागी अडतीस लाख पाठवले.

चानग्यू उभा राहिला. “हे काय केलंस? आता तर मी आहे ना.”

“आहेस ना. तू बाळासाठी आहेस.”

“आणि तुला?”

“मला माणूस हवं आहे,” सोदाम म्हणाली.

तो पुन्हा खाली बसला. थोडा वेळ त्याचे ओठ हलत होते. तो बोलत नव्हता, बेरीज करत होता. तिला ते कळत होतं, आणि तरीही ती वाट बघत राहिली, कारण माणूस शेवटपर्यंत आशा सोडत नाही, त्यातून पोटात बाळ असेल तर नाहीच. तो ‘चुकलं माझं’ म्हणाला असता, नुसता ‘बरं’ म्हणाला असता, तरी तिने बरंच काही गिळलं असतं.

“मग असं करू या का,” तो शेवटी म्हणाला, “तू दोन आठवडे तिकडे, वर माझे ते वीस दिवस. मग रजेची गरजच कुठे उरली? अर्ज मागे घेतो. रजा सुरू व्हायच्या सात दिवस आधीपर्यंत मागे घेता येतो.”

“हे तुला कोणी सांगितलं?”

“कचेरीतल्या बाईंनी. मी विचारून घेतलं होतं.”

“कधी?”

“सकाळी,” चानग्यू म्हणाला. “अर्ज देण्याआधी.”

‘मला फरक पडत नाही’ असं तिला म्हणायचं होतं, पण पडत होता. तिने पुन्हा तोच नंबर लावला, आणि त्याच्याकडे बघतच म्हणाली, “दोन नको. तीन आठवडे लिहून घ्या.”